राजगुरुनगरातला समुद्र, उसनं विरजण आणि मयताची वही

आजचा भाग खाऱ्या पाण्याच्या माशांवर आहे. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, आणि आकडे परत एकदा तपासून घातलेत.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात : राजगुरुनगरात बसून समुद्रातले मासे? बरोबर आहे. समुद्र आपल्यापासून सह्याद्रीच्या पलीकडे. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समोरच समुद्र. आपल्याकडे काय? भीमा, चासकमानचं पाणी आणि गल्लोगल्ली बोअरवेल. म्हणजे इथे समुद्र बनवावा लागतो, आणि तो एकट्याला बनवता येत नाही, हे मला दोन मासे मारल्यावर कळलं.

आमचा एक ग्रुप आहे. खेड, चाकण, मोशी, भोसरी असे वीस-बावीस जण. नोंदणी नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. कुणी कंपनीत फिटर, कुणी शाळेत शिक्षक, माझ्यासारखे दोन-तीन कोड लिहिणारे. महिन्यातून एक रविवार कुणाच्या तरी घरी जमतो. तिथे नक्की काय चालतं आणि त्याचा उपयोग काय, ते आज सांगतो.

आधी माझी चूक

मी शंभर लिटरची टाकी आणली, पाणी-मीठ कालवलं आणि तिसऱ्या दिवशी दोन क्लाउनफिश सोडले. पाणी आरशासारखं स्वच्छ. आठवड्यात दोन्ही गेले.

झालं काय, ते नंतर समजलं. मासा खातो, हगतो, आणि कल्ल्यांतूनही अमोनिया सोडतो. जुन्या टाकीत जिवाणूंची एक जमात त्या अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी जमात नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदललं की कमी होतं. नव्या टाकीत हे जिवाणूच नसतात. ते आपोआप वाढायला चार ते सहा आठवडे लागतात.

गोड्या पाण्यात अशी घाई कधीकधी खपून जाते, खाऱ्यात नाही. कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३. सातच्या पीएचला अमोनियाचा फार थोडा भाग विषारी रूपात असतो. इथे तेवढ्याच अमोनियात तो भाग दहापटीहून जास्त होतो. शिवाय २५ अंशांला खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू जवळजवळ एक पंचमांश कमी मावतो. स्वच्छ दिसणारं पाणी आणि जगवणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विरजण

तेव्हा चाकणचे एक काका घरी आले. कारखान्यात मेंटेनन्स करून निवृत्त झालेले. पिशवीत त्यांच्या टाकीतलं थोडं पाणी आणि त्यात बुडवलेल्या सिरॅमिकच्या रिंगा. म्हणाले, "अरे, दही लावायचं तर शेजारून विरजण आणतो ना आपण? मग इथं का नाही मागितलंस?"

त्या रिंगांच्या बारीक छिद्रांत त्यांच्या सहा वर्षं चाललेल्या टाकीचे जिवाणू होते. त्या माझ्या फिल्टरमध्ये टाकल्या आणि माशाऐवजी बाटलीतला अमोनिया थेंबाथेंबाने घालून रोज टेस्ट किटने मोजत राहिलो. पंधरा दिवसांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला लागले. मगच मासे.

ग्रुपचा नियम एकच. विरजण फुकट मिळतं, पण सहा महिन्यांनी तुम्ही पुढच्या नव्या माणसाला द्यायचं. आणि देण्याआधी सांगायचं, की आपल्या टाकीत गेल्या अडीच-तीन महिन्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला होता का. माशाच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखा दिसणारा तो परजीवी पाण्यातून आणि ओल्या रिंगांवरूनही येतो. लपवलं तर विरजणाबरोबर रोगही दिला.

मोजमापाचा रविवार

दर तीन महिन्यांनी सगळे आपापले रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतात. पाण्याचा थेंब काचेवर टाकायचा, डोळ्याला लावायचं, खारटपणा वाचायचा. समुद्रात हजार ग्रॅम पाण्यामागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपल्यालाही तेवढंच लागतं.

बहुतेक जण यंत्र नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्याला लावतात. शून्याला बरोबर असलेलं यंत्र पस्तीसला बरोबर असेलच असं नाही. पहिल्या रविवारी माझं यंत्र दोन-तीन अंकांनी जास्त दाखवत होतं. म्हणजे मी महिनाभर पाणी अळणी ठेवत होतो.

तपासायला लागणारं द्रावण घरी बनतं : ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी, दोन्ही वजनकाट्यावर मोजून. हे रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ दाखवायला हवं. साधं मीठ ३५ ऐवजी ३६.५ का? कारण प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत साधं मीठ आणि समुद्राचे क्षार अगदी सारखे नाहीत.

किराणातल्या मिठाचा या छंदात उपयोग इथेच संपतो. टाकीत ते घालायचं नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के, उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे. माशांना आणि पीएच स्थिर ठेवायला तो उरलेला भागच लागतो, म्हणून मत्स्यालयाचं तयार मीठ घ्यायचं. शंभर लिटरला साधारण साडेतीन-पावणेचार किलो. एकाने पोतं आणलं की चौघं वाटून घेतो.

नव्या माणसाची दुसरी हमखास चूक : टाकीतलं पाणी कमी झालं की खारं पाणी भरणं. वाफ होते ती पाण्याची, मीठ खालीच राहतं. कमी झालेलं पाणी नेहमी साध्या आरओच्या पाण्याने भरायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, त्यात पाणी थंड ठेवायला वर पंखा लावलेला. पंख्याने दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी दुप्पट वेगाने उडतं. त्या दिवसांत खारं पाणी भरत गेलात तर महिन्यात टाकीचं लोणचं होतं.

आणि प्रोटीन स्किमर म्हणजे काय, हे गुऱ्हाळ पाहिलेल्याला सांगावं लागत नाही. काहिलीवर मळी येते, ती झाऱ्याने काढतात. स्किमरमध्ये बारीक बुडबुडे सोडतात, पाण्यातली घाण त्यांना चिकटून फेस होऊन वर येते, आणि कुजून अमोनिया व्हायच्या आधीच बाहेर जाते.

काय घ्यायचं नाही

हे स्पष्ट सांगतो. एका विक्रेत्याने मला फोनवर "जिवंत दगड" आणि प्रवाळाचा तुकडा देऊ केला होता, गुपचूप, रोखीत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या आल्या. म्हणजे तेव्हा कायद्याने वाघाच्या रांगेत. "जिवंत दगड" हा बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचाच दगड असतो. आमच्या ग्रुपमध्ये सिरॅमिक आणि सिमेंटचे बनवलेले दगडच चालतात. विरजण लावलं की सहा महिन्यांत त्यांच्यावरही जांभळट थर चढायला लागतो.

मासेही शक्यतो हॅचरीतले. क्लाउनफिशची पैदास टाकीत होते, आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात त्याचं तंत्र बसवून दाखवलंय. या माशाची गंमत म्हणजे सगळे आधी नर असतात. जोडीतला मोठा मादी होतो, आणि अंड्यांची राखण बाप करतो. आठवडाभराने, अंधार पडल्यावर, अंडी फुटतात. पिल्लांना पहिले दिवस रोटिफर नावाचे डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव लागतात, आणि रोटिफरना हिरवं शेवाळ. हे कल्चर कधीही बसतं. म्हणून ते आम्ही तीन घरांत चालू ठेवतो. एकाचं गेलं की दुसऱ्याकडून आणायचं. आमच्या धंद्यात याला बॅकअप म्हणतात, आईच्या भाषेत हेही विरजणच.

मयताची वही

आता सगळ्यात महत्त्वाचं. ग्रुपची एक वही आहे. ज्याच्या घरी मासा मरेल त्याने आठवड्याच्या आत लिहायचं : तारीख, मासा, शेवटची मोजमापं, आदल्या दोन दिवसांत काय बदललं. लिहिणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही. यशाचे फोटो सगळेच टाकतात. त्यातून मी तरी फारसं काही शिकलो नाही.

एका नोंदीत असं होतं. गुरुवार, देखभालीसाठी लाईट दुपारभर बंद. कॅनिस्टर फिल्टर सहा तास थांबलेला. लाईट आली, फिल्टर आपोआप सुरू झाला, आणि रात्रीपर्यंत चार मासे गेले. कारण पुढे लिहिलं होतं : बंद डब्यातल्या जिवाणूंनी तिथला प्राणवायू संपवला, ते मेले, पाणी सडलं, आणि पंप सुरू होताच ते सगळं टाकीत आलं.

ते वाचून मी एक चिठ्ठी लिहून फ्रीजवर चिकटवली. लाईट गेली तर : एक, बॅटरीचा एअर पंप लावा. दोन, फिल्टरची पिन काढा. तीन, खायला घालू नका.

गेल्या मे महिन्यात गुरुवारी मी ऑफिसात, मीटिंगमध्ये. आईचे तीन मिस्ड कॉल. बाहेर येऊन फोन लावला तर म्हणाली, "लाईट अकरालाच गेलीय. तुझा तो पंप बुडबुडे सोडतोय, पिन काढून ठेवलीय. तू मात्र वेळेवर जेव." लाईट आली साडेपाचला. मी रात्री येऊन फिल्टरचा डबा उघडला, तर सडक्या अंड्यांसारखा वास. पाणी मोरीत ओतलं, रिंगा टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात विसळल्या, मग फिल्टर चालू केला. तीन दिवस अमोनिया मोजला. दोन्ही मासे आजही आहेत.

ज्याने ती नोंद लिहिली त्याला मी हे सांगितलं. त्याचे चार मासे गेले होते, तो क्षणभर काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे लिहिलेलं कामाला आलं."

तर मंडळी, टाकी घ्यायची असेल तर आधी दुकानात जाऊ नका. आधी तुमच्या जवळपास चालू टाकी असलेला माणूस शोधा आणि त्याला एकच विचारा : तुझ्याकडे काय मेलं, आणि का? जो नीट उत्तर देईल त्याच्याकडून विरजण घ्या. आणि सहा महिन्यांनी पुढच्याला द्यायला विसरू नका.

पुढच्या भागात आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचा हिशोब मांडू. एका बादलीमागे तीन बादल्या मोरीत जातात, आणि आईने त्यावर आधीच तिचा तोडगा काढलाय. भेटूच.