बी. एस्सी.साठी कुठे जावे?

बारावीचे निकाल लागले की विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांकडे पालकांची ये-जा सुरू होते. बहुतेकांचे प्रश्न वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे असतात. तिथे किती गुणांना कोणते कॉलेज मिळते, हे गावात पुष्कळांना तोंडपाठ असते. पण एखादा पालक वेगळेच विचारतो : "सर, हिला भौतिकशास्त्रच शिकायचंय म्हणते. कोणत्या विद्यापीठात घालू?" इथे आपण अडखळतो. "जवळचे चांगले कॉलेज बघा," एवढे सांगून मोकळे होतो. हा प्रश्न जरा सावकाश सोडवून पाहावा, म्हणून हा लेख.

पदवी एकाची, शिक्षण दुसऱ्याचे

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली, ती त्या वेळच्या लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. या नमुन्यात विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. ते अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदवी देई. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. पुढे विद्यापीठांनी स्वतःचे विभाग काढले, तरी ते मुख्यतः पदव्युत्तर शिक्षणासाठी होते. बी. एस्सी. महाविद्यालयातच राहिली आणि आजही आपल्याकडे बहुतांशी तिथेच आहे.

त्यामुळे "पुणे विद्यापीठ की मुंबई विद्यापीठ" या प्रश्नात फारसा अर्थ उरत नाही. एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांत पुस्तके तीच, प्रश्नपत्रिका तीच. पण एका ठिकाणी प्रयोगशाळा संध्याकाळी सहापर्यंत उघडी असते आणि दुसऱ्या ठिकाणी प्रात्यक्षिके परीक्षेच्या आधी पंधरा दिवसांत 'उरकली' जातात. विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे ज्या इमारतीत जाणार आहेत, ती इमारत विद्यापीठाची नसून महाविद्यालयाची आहे. तेव्हा चौकशी महाविद्यालयाची करावी, आणि तीही शक्यतो ज्या विषयात पदवी घ्यायची त्या विभागाची.

स्वायत्त महाविद्यालये हा यातला मधला प्रकार. पुण्याचे फर्ग्युसन किंवा मुंबईचे सेंट झेवियर्स यांसारखी महाविद्यालये आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. स्वायत्ततेचा चांगला उपयोग केला, तर अभ्यासक्रम ताजा राहतो. मात्र 'स्वायत्त' हा शब्द पाटीवर आहे एवढ्याने तो ताजा झाला असे समजू नये. गेल्या तीन-चार वर्षांत त्यात काय बदलले, हे विचारावे.

शिकवणे इथे, संशोधन तिथे

स्वातंत्र्याच्या आसपास आपल्याकडे मोठ्या संशोधन संस्था उभ्या राहिल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ साली, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली. त्यांनी देशाला पुष्कळ दिले. पण एक परिणाम असाही झाला, की संशोधन एका आवारात आणि बी. एस्सी.चे वर्ग दुसऱ्या आवारात अशी वाटणी पक्की झाली. पुण्यात रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवणारा विद्यार्थी पाषाण रस्त्यावरून तीन वर्षे ये-जा करील, पण त्या प्रयोगशाळेत त्याचे पाऊल पडेलच असे नाही.

ही वाटणी मोडावी म्हणून २००६ साली पुणे आणि कोलकाता येथे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, म्हणजे 'आयसर', सुरू झाल्या. आज अशा सात संस्था आहेत. तिथे मुख्यतः बारावीनंतरचा पाच वर्षांचा बी. एस.–एम. एस. अभ्यासक्रम चालतो. सुरुवातीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित हे चारही विषय शिकावे लागतात. शेवटचे वर्ष बरेचसे संशोधन-प्रकल्पात जाते. भुवनेश्वरची 'नायसर' आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातले मूलभूत विज्ञान केंद्र (२००७) ही अणुऊर्जा विभागाशी निगडित ठिकाणे याच धर्तीची आहेत. १९०९ साली सुरू झालेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही २०११ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम काढला. गणिताची खरी ओढ असलेल्यांसाठी भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई गणितीय संस्था आहेत.

या संस्थांत शिकवणारे स्वतः संशोधन करतात, हा त्यांचा मोठा लाभ. पण म्हणून त्या प्रत्येकाला मानवतात असे नाही. पहिल्या वर्षाचे वर्ग मोठे असतात, वेग जास्त असतो, आणि आपल्या तालुक्यात पहिला येणारा विद्यार्थी तिथे अचानक मधल्या रांगेत बसतो. याची कल्पना आधी दिली, तर धक्का कमी बसतो.

हाताला काम किती वेळ?

महाविद्यालयाची पारख करायला एक सोपे गणित पुरते. समजा, प्रात्यक्षिकाच्या तुकडीत २० विद्यार्थी आहेत, वेळ ३ तासांचा आहे आणि चालू स्थितीतले वर्णपटमापक चारच आहेत. म्हणजे एका उपकरणापाशी पाच जण. १८० मिनिटे भागिले ५, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३६ मिनिटे. सत्रात असे १० प्रयोग झाले, तर हाताला मिळालेला वेळ ६ तास. सहा सत्रांत मिळून ३६ तास.

आता दुसऱ्या महाविद्यालयात तेवढ्याच मुलांना दहा उपकरणे आहेत असे धरू. दोघांत एक. प्रत्येकाला ९० मिनिटे, सत्रात १५ तास, सहा सत्रांत ९० तास. दोघांच्याही गुणपत्रिकेवर 'प्रात्यक्षिक' या शब्दापुढे कदाचित सारखेच गुण दिसतील. पण एकाने अडीच पट वेळ भिंग स्वतः सरकवले आहे, चुकलेले रीडिंग पुन्हा घेतले आहे. पहिल्या ठिकाणी मात्र बहुधा एक जण रीडिंग घेतो आणि चौघे ते जर्नलमध्ये उतरवतात.

तेव्हा महाविद्यालय पाहायला गेलात तर प्रवेशद्वारापेक्षा प्रयोगशाळा पाहा. मोडलेल्या उपकरणांचे कपाट किती मोठे आहे, हे पाहा. शेवटच्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. विभागातल्या किती जागा भरलेल्या आहेत आणि किती अध्यापक तासिका तत्त्वावर आहेत, हेही विचारा. तासिका तत्त्वावरचे अध्यापक मनापासून शिकवणारे असू शकतात. पण दर वर्षी माणूस बदलत असेल, तर विद्यार्थ्याला तीन वर्षे ओळखणारे विभागात कोणी उरत नाही.

क्रमवारी वाचताना

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीच्या याद्या २०१६ पासून प्रसिद्ध होतात. वर्तमानपत्रात मथळे येतात आणि पालक कात्रण घेऊन येतात. या क्रमवारीत विद्यापीठांना गुण देताना साधारण अशी विभागणी असते : अध्यापन व साधने ३०, संशोधन ३०, विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले याला २०, समावेशकतेला १० आणि लोकमताला १०.

यातले संशोधनाचे ३० गुण नीट पाहा. संलग्न पद्धतीच्या विद्यापीठात हे संशोधन मुख्यतः विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांत होते. दूरच्या तालुक्यातल्या संलग्न महाविद्यालयात बी. एस्सी. करणाऱ्याची त्या विभागांशी गाठ पडत नाही. म्हणजे विद्यापीठाचा क्रमांक वर गेला, तरी तो ज्या गुणांनी वर गेला त्यांतले पुष्कळसे या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. महाविद्यालयांची यादी वेगळी असते, ती पाहावी. त्याहून उपयोगी म्हणजे 'नॅक'साठी महाविद्यालयाने तयार केलेला स्वयंमूल्यांकन अहवाल. तो सहसा महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असतो. अध्यापकांची संख्या, ग्रंथालयावरचा खर्च, विद्यार्थी पुढे कुठे गेले, ही माहिती त्यात मिळते. अहवाल रंगवलेला असू शकतो, पण आकडे बोलतात.

दुसरे दार

काही कारणाने घराजवळच्याच महाविद्यालयात जावे लागले, म्हणून विज्ञानाची वाट बंद होत नाही. ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवी, कारण पहिली निवड हुकली की पुष्कळ जण मनाने तिथेच थांबतात.

पदवीच्या शेवटच्या वर्षी 'जॅम' ही परीक्षा देता येते. तिच्यातून आयआयटींच्या एम. एस्सी.च्या सुमारे ३ हजार जागा भरल्या जातात. भारतीय विज्ञान संस्थेच्या एकात्मिक पीएच. डी.साठीही ती चालते. टाटा संस्थेची स्वतंत्र परीक्षा असते. कोणत्या गावच्या महाविद्यालयातून आलात, याला या परीक्षांत गुण नाहीत.

त्याआधीची तीन वर्षेही मोकळी नसतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम चालवते. गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी १९९३ पासून उन्हाळी प्रशिक्षण शिबिरे भरत आली आहेत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करण्याची संधी देतात. तालुक्याच्या महाविद्यालयात बसून या गोष्टी कळत नाहीत. कोणीतरी सांगाव्या लागतात. म्हणून महाविद्यालय निवडताना एक प्रश्न असाही विचारावा : "गेल्या दोन वर्षांत इथून कोणी अशा शिबिराला गेले का?" एक नाव जरी पुढे आले, तरी विभागात वारे खेळते आहे असे समजावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. पदवी आता तीन किंवा चार वर्षांची होऊ शकते, आणि चौथे वर्ष संशोधनासह करण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट आहे. आपण निवडलेल्या महाविद्यालयात त्या विषयाचे चौथे वर्ष आहे का आणि संशोधनाला मार्गदर्शक आहेत का, हे प्रवेशाआधीच विचारलेले बरे.

पैसा, अंतर आणि भाषा

केंद्रीय संस्थेत पाच वर्षे वसतिगृहात राहण्याचा खर्च काही लाखांत जातो. गावातल्या अनुदानित महाविद्यालयात एस.टी.च्या पासावर भागते. हा फरक लपवून सल्ला देऊ नये. २००८ साली सुरू झालेल्या 'इन्स्पायर' योजनेत बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात आलेल्या, मूलभूत विज्ञान घेणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षाला ८० हजार रुपयांपर्यंतची शिष्यवृत्ती आहे. ती केंद्रीय संस्थेतल्या विद्यार्थ्यांनाही मिळते आणि साध्या महाविद्यालयातल्यांनाही. निकालाच्या दिवशी पेढे वाटणाऱ्या कितीतरी घरांना आपण या १ टक्क्यात आहोत, याचा पत्ताच नसतो.

मुलीला बाहेर पाठवायचे की नाही, हा प्रश्न पुष्कळ घरांत गुणांच्या आधी सुटलेला असतो. इथे शिक्षकाच्या शब्दाला वजन आहे. वसतिगृह कसे आहे, आपल्या भागातली आणखी कोणी तिथे शिकते आहे का, ही माहिती हातात असेल तर बोलणे सोपे जाते. आणि दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला नव्या ठिकाणची पहिली दोन सत्रे जड जातील, हेही सांगावे. जड जाणे म्हणजे न जमणे नव्हे.

तारखा आधी, निकाल मागून

सर्वांत मोठे नुकसान होते ते कॅलेंडरमुळे. आपल्याकडचा रिवाज असा, की आधी बारावीचा निकाल, मग विचार. राज्यातल्या महाविद्यालयांसाठी हे चालते. पण आयसर, नायसर, सांख्यिकी संस्था, चेन्नई गणितीय संस्था यांचे अर्ज साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास सुटतात आणि परीक्षा मे-जूनमध्ये होतात. निकाल हातात येऊन घरात चर्चा होईपर्यंत अर्जाची मुदत टळलेली असते. मुलगी नापास झालेली नसते, नाकारलीही गेलेली नसते. तिने अर्जच केलेला नसतो.

त्याहून आधीची तारीख अकरावीची. आयसरच्या परीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भौतिकशास्त्र यांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न असतात. "डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित सोड," असे अकरावीत सांगताना आपण नकळत पुढचे एक दार ओढून घेत असतो. ज्याचे अजून काही ठरलेले नाही, त्याने चारही विषय ठेवलेले उत्तम.

जुन्या माहितीपासूनही सावध राहावे. शास्त्रज्ञ होऊ पाहणाऱ्यांना पूर्वी आपण किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेची परीक्षा द्यायला सांगत असू. ती योजना २०२२ साली 'इन्स्पायर'मध्ये विलीन झाली. नियम असे बदलत राहतात, म्हणून दर वर्षी त्या-त्या संस्थेचे माहितीपत्रक स्वतः पाहावे.

आमची सूचना साधी आहे. जानेवारी महिन्यात बारावीच्या वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात पाच-सहा संस्थांची नावे आणि अर्ज कधी सुटणार, एवढे लिहून ठेवा. शेजारी गावातल्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या दोन महाविद्यालयांची नावे लिहा आणि प्रयोगशाळा, अध्यापक, ग्रंथालय, चौथे वर्ष यांची चौकशी मुलांनाच करून आणायला सांगा. साठ जणांच्या वर्गात मूलभूत विज्ञानाकडे वळणारे दोघे-तिघेच निघतील. पण त्यांना निवड करण्यासाठी निदान यादी हातात मिळालेली असेल.