बनारसच्या इंजिनांना घरचा आधार हवा

वाहननिर्यातीचा विषय निघाला की चाकण, चेन्नई आणि साणंद यांची नावे पुढे येतात. वाराणसीचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक चुरशीच्या परदेशी बाजारात अवजड वाहने विकण्याचा अर्धशतकाचा अनुभव या शहराच्या गाठीशी आहे. बनारस रेल्वे इंजिन कारखान्याची ही कहाणी मला आजच्या निर्यातधोरणासाठी फार बोधप्रद वाटते.

'अल्को' या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्यातून पहिले डिझेल इंजिन जानेवारी १९६४ मध्ये बाहेर पडले. अवघ्या बारा वर्षांनी, १९७६ मध्ये, येथील इंजिन टांझानियाला गेले. पुढे व्हिएतनाम, बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया अशी ग्राहकांची यादी वाढत गेली. या यशाचे मर्म साधे होते. टांझानिया आणि व्हिएतनाममध्ये मीटरगेज मार्ग होते आणि आपल्याकडेही मीटरगेजचे विस्तीर्ण जाळे होते. जे इंजिन आपण स्वतःसाठी शेकड्यांनी बनवत होतो, तेच थोड्या फेरफाराने बाहेर विकता येत होते. आराखडा, सुटे भाग, कुशल कारागीर या सर्वांचा खर्च देशांतर्गत मागणीतूनच निघत असे.

हा आधार दोन टप्प्यांत सरकला. १९९२ पासून रेल्वेने मीटरगेजचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर वेगाने हाती घेतले. त्यानंतर विद्युतीकरण आले आणि डिझेल इंजिनांची गरजच ओसरली. हे दोन्ही निर्णय देशहिताचेच होते. वाराणसीचा कारखानाही विजेची इंजिने बनवू लागला आणि २०२० मध्ये त्याच्या नावातील 'डिझेल' हा शब्द गळाला. मात्र आफ्रिकेतील बहुतांश मार्ग आजही डिझेलवर चालतात आणि त्यांपैकी अनेकांची रुंदी १०६७ मिलिमीटर आहे. म्हणजे जे बाहेर विकायचे, ते आता घरी लागत नाही.

तरीही मागणी संपलेली नाही. २०२१ मध्ये मोझांबिकला ३००० अश्वशक्तीची सहा इंजिने देण्यास सुरुवात झाली. त्यानंतर ३३०० अश्वशक्तीच्या दहा इंजिनांची मागणी आली. परंतु सहा किंवा दहा इंजिनांच्या तुकड्यांवर संशोधनाचा खर्च भागत नाही. भारताने देऊ केलेल्या सवलतीच्या कर्जातून पहिला सौदा होतो. दुसरा सौदा मात्र इंजिनाच्या कामगिरीवर आणि वेळेवर मिळणाऱ्या सुट्या भागांवरच ठरतो. टांझानियाचे उदाहरण बोलके आहे. आपल्या या पहिल्या ग्राहकाने नवा विद्युत मार्ग उभारला, तेव्हा त्यावरील इंजिने दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई रोटेमकडून घेतली.

मोटारींचा धडाही निराळा नाही. तळेगावच्या कारखान्यात जनरल मोटर्सने २०१७ मध्ये देशांतर्गत विक्री थांबवून केवळ निर्यातीसाठी उत्पादन चालू ठेवले. डिसेंबर २०२० मध्ये तेही थांबले. याउलट बिहारमधील मढौरा येथील कारखान्याला गिनीकडून १५० इंजिनांची मागणी मिळाली. त्यामागे रेल्वेची दीर्घ मुदतीची खरेदी होती आणि वॅबटेक या अमेरिकी भागीदाराचे जगभरातील विक्री व देखभालीचे जाळे होते. घरची हमी आणि बाहेरची सेवा या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्या.

माझ्या मते वाराणसीसाठी तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. निर्यातीच्या डिझेल इंजिनांसाठी आराखडा विभाग कायमस्वरूपी राखला जावा. प्रत्येक विक्रीकरारात किमान पंधरा वर्षांची देखभाल आणि ग्राहक देशातच सुट्या भागांचा साठा यांचा समावेश असावा. आणि सवलतीच्या कर्जाचा काही भाग जुन्या इंजिनांच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवावा, कारण तेथे आपली ओळख आधीच आहे. अन्यथा डिझेल इंजिने घडवणारी जाणकार पिढी निवृत्त होईल आणि कर्ज आपले, इंजिने मात्र दुसऱ्यांची, अशी वेळ आपल्यावर येईल.