फियाटचे पाठभेद

जुन्या मोटारींविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक आठवणींच्या अंगाने. घरी आलेली पहिली गाडी, टपावर सामान बांधून केलेला कोकणचा प्रवास, काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा वास. या गाड्यांमध्ये मुळात कोणत्या खोटी होत्या आणि वापरणाऱ्यांनी त्या कशा काढल्या, याकडे सहसा कोणी वळत नाही. मी मरोळला राहतो. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण माझे झालेले नाही. इथल्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून लेथवर काम करणाऱ्यांना प्रश्न विचारत आणि जुनी सर्व्हिस मॅन्युअल्स वाचत जे समजले, त्यातला एक धागा इथे मांडतो. धागा असा की, ज्या काळात आपल्या देशात स्पोर्ट्स कार विकत मिळत नव्हती, त्या काळात काही लोकांनी घरगुती फियाटलाच स्पोर्ट्स कार केले. त्यांनी केलेल्या बदलांना आज काय म्हणायचे, विद्रूपीकरण की इतिहास?

कुर्ल्याची गाडी, तुरिनचे इंजिन

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कारखाना कुर्ल्याला. १९५४ च्या सुमारास तिथून फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या गोलमटोल अंगामुळे लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले आणि ते नाव टिकले. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली. पुढे तीच ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. नावे बदलली, इंजिन १०८९ सीसीचेच राहिले: सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती.

हे इंजिन निव्वळ संसारी नव्हते. याच मापाचे फियाट इंजिन १९३७ पासून इटलीत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तुरिनच्या चिसितालिया कंपनीने ते घेऊन आधी शर्यतीची एकआसनी गाडी केली आणि मग ‘२०२’ ही स्पोर्ट्स कार. १९४७ च्या मिल्ले मिलिया शर्यतीत नुव्होलारी चिसितालियातून दुसरा आला. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मोटारींचे प्रदर्शन भरवले, त्यात ‘२०२’ होती. पुढे ती तिथल्या कायमच्या संग्रहातही गेली. म्हणजे आपल्या टॅक्सीच्या इंजिनाचे सख्खे नातेवाईक संग्रहालयात बसले आहेत. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. तिथे धावणाऱ्या गाड्यांत सुधारलेल्या फियाट असत. आयात जवळपास बंद, गाड्या मोजक्या, नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहायची, अशा दिवसांत वेगाची हौस भागवायला दुसरे साधन नव्हते.

आधी थांबणे

वेगाचा विचार करणारा नवखा माणूस इंजिनापासून सुरुवात करतो. जाणता मिस्त्री ब्रेकपासून करतो. फियाटच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडीचे वजन सुमारे ९०० किलो. ताशी ६० किलोमीटरवरून वेग ८० झाला की वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण गाडीतली गतिज ऊर्जा पावणेदोन पटींहून थोडी जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. थांबताना ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ड्रममध्ये शिरते. खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रम तापतो, प्रसरण पावून ब्रेकच्या शूपासून दूर जातो, तापलेल्या लायनरची पकड ढिली पडते आणि पायाखालचे पेडल खोल जाऊ लागते. म्हणूनच जुने चालक खालच्या गिअरमध्ये घाट उतरत.

उपाय म्हणून पुढच्या चाकांना नंतरच्या गाडीचे डिस्क ब्रेक बसवतात. डिस्क उघड्या हवेत असल्याने लवकर निवते. पण काम तेवढ्यावर संपत नाही. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच घट्ट बसतो, डिस्कमध्ये तसे होत नाही. त्यामुळे पायाला जास्त जोर लागतो आणि इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर लावावा लागतो. ड्रमसाठी बनवलेला मास्टर सिलिंडर नळीत थोडा दाब नेहमी धरून ठेवतो. तोच दाब डिस्कला सतत घासत ठेवतो, म्हणून आतला व्हॉल्व्ह काढावा लागतो. शिवाय पुढचे ब्रेक फार तीव्र झाले तर पुढच्या-मागच्या चाकांतला तोल नव्याने जुळवावा लागतो. आणि एवढे करूनही गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. पकड सुधारण्यासाठी मूळच्या क्रॉसप्लाय टायरच्या जागी रेडियल घातले की सावकाश वेगात स्टिअरिंग जड होते. एक खोट काढली की ती पुढच्या जोडात जाऊन बसते. हे ज्याला कळले त्यालाच सुधारणा जमते.

गिअर, उष्णता, उजेड

फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. हातातला दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळया, कोपरे आणि बुश यांची साखळी असते. प्रत्येक बुश किंचित झिजला की सगळी झीज मिळून ‘गिअर सापडत नाही’ अशी अवस्था येते. यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शहाणा उपाय म्हणजे लेथवर नवे बुश कातून घेणे. सगळ्याच मालकांना तेवढे पुरत नसे. त्यांना गिअर खाली, हाताजवळ हवा असे.

दुसरी खोट उष्णतेची. साकीनाक्याच्या सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन मंद फिरते, त्याच्या पट्ट्यावर चालणारा पंखाही मंद फिरतो, म्हणजे वारा सर्वांत जास्त हवा असतो तेव्हाच सर्वांत कमी मिळतो. इंजिनाला चिकटलेला पेट्रोल पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बसते. पंपावर ओले फडके ठेवायची युक्ती मुंबईच्या प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक होती. फडके बाष्पीभवनाने थंडावा देते, हे भौतिकशास्त्र त्याने वर्गात शिकलेले नव्हते. पक्का उपाय म्हणजे तापमानाच्या स्विचवर चालणारा विजेचा पंखा आणि इंजिनापासून दूर, टाकीजवळ बसवलेला विजेचा पंप.

पण वीज आणायची कुठून? जुन्या गाड्यांतला डायनामो मंद फिरताना जवळपास काहीच देत नाही. म्हणून आधी आल्टरनेटर, मग पंखा. दिव्यांचेही तसेच. दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घटतो. बारा व्होल्टच्या दिव्याला अकराच मिळाले तर सुमारे पाव उजेड जातो. जुन्या बारीक वायरी आणि डॅशबोर्डवरचा झिजलेला स्विच यांत तेवढे व्होल्ट सहज हरवतात. त्यामुळे जास्त वॅटचा बल्ब लावण्याआधी रिले लावावा, म्हणजे स्विचमधून नुसता इशारा जातो आणि मोठा प्रवाह बॅटरीकडून जाड वायरीने थेट दिव्याला मिळतो. किमतीच्या मानाने एवढा गुण देणारा दुसरा भाग माझ्या पाहण्यात नाही.

इंजिन सर्वांत शेवटी

प्रीमियरनेच १९८५ मध्ये ‘११८ एनई’ ही गाडी आणली. तिच्यात निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन होते. फरक ८२ सीसीचा, पण खरा भेद आकारात आहे. निस्सानचा व्यास ७३ आणि धाव ७० मिलिमीटर. मिनिटाला ५००० फेऱ्यांना फियाटचा पिस्टन सरासरी सेकंदाला साडेबारा मीटर धावतो, निस्सानचा सुमारे ११.७ मीटर. फियाटच्या क्रँकला आधार तीन बेअरिंगांचा, निस्सानच्या पाच. म्हणून निस्सान इंजिन वरच्या फेऱ्यांत कमी थरथरते आणि जास्त टिकते. शिवाय त्याच्याबरोबर खालच्या गिअरची पेटी येते. हौशी लोकांनी हीच जोडी जुन्या फियाटमध्ये उतरवली.

अशा कामाला लागते काय? इंजिनाचे नवे आधार, योग्य लांबीचा आणि तोल साधलेला प्रॉपेलर शाफ्ट, गिअरच्या दांड्यासाठी कापलेला मधला पत्रा. शाफ्ट कापणारा, वेल्डर, टर्नर, फिटर असे चौघे हाकेच्या अंतरावर असतील तरच ते होते. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आसपास, मरोळ-साकीनाक्याच्या गाळ्यांत ते तसे होते. म्हणून या विद्येचे पीठ कारखान्यात नव्हते, कारखान्याबाहेरच्या या गल्ल्यांत होते.

अस्सल कोणते?

आता प्रश्न कायद्याचा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला: निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. किरकोळ बदल आणि परवानगीने त्याच प्रकारचे इंजिन बसवणे यांना वाव आहे. मनमानी बदलांनी इतरांचे जीव धोक्यात येतात, तेव्हा या भूमिकेमागे कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. तिथेही अट मूळ रूपाची: सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

परिणाम असा की शोकेसमध्ये झाकून ठेवलेली फियाट वारसा ठरू शकते, आणि इंजिन बदलून, पत्रा कापून, चार दशके धावत राहिलेली फियाट ठरत नाही. मला हा निकष अपुरा वाटतो. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिने पाठ निवडले, पण नाकारलेले पाठभेद फेकले नाहीत, तळटिपांत जपले. मोटारीलाही तसा न्याय देता येईल.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जुन्या गाडीबरोबर एक वही असावी. कोणता भाग काढला, त्याच्या जागी कोणत्या गाडीचा बसवला, कोणत्या वर्षी, कोणत्या गाळ्यात, कशासाठी, हे तिच्यात लिहावे. काढलेला भाग भंगारात न देता ठेवावा. रिले, पंखा, आल्टरनेटर यांसारखे परत काढता येणारे बदल आणि पत्रा कापून केलेले न परतणारे बदल यांची वर्गवारी वेगळी ठेवावी. ब्रेक आणि दिवे यांसारखे जीव वाचवणारे बदल तपासून मान्य करण्याची सोय व्हिंटेज नियमांत असावी.

हे लवकर व्हायला हवे. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागी कोहिनूर सिटी उभी आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. मरोळ नाक्यावर आता दोन मेट्रो मार्गांची स्थानके आहेत आणि लेथचे गाळे एकेक करून कचेऱ्यांना जागा देत आहेत. फियाटचे सुटे भाग अजून मिळतील. पण कोणत्या झिजेला कोणता भाग आणि तो का, हे सांगणारी माणसे साठी-सत्तरीत आहेत, आणि त्यांनी कधी काही लिहून ठेवलेले नाही. ज्यांच्या घरात अशी गाडी आहे त्यांनी या दिवाळीत वही घ्यावी आणि आपल्या मिस्त्रीकडे जाऊन बसावे.