एक दुपार आमच्यासाठी!

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, हे आपण भाषणांतून ऐकतो. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावंही पाठ असतात. पुण्याहून परतताना कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला ताराराणींचा पुतळा दिसला, की घर आलं असं वाटतं. पण मैत्रिणींनो, चित्रकाराला चित्र काढताना आपल्यापैकी किती जणींनी पाहिलंय? स्टुडिओ म्हटलं की दार लोटलेलं, आत पुरुषांची ऊठबस. आपलं काय काम तिथं?

म्हणूनच ‘रंगबहार’ संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ मला मोलाची वाटते. टाऊन हॉलच्या बागेत चित्रकार, शिल्पकार सगळ्यांसमोर कामाला बसतात, एकीकडे गाणं चालू असतं. कुणी हटकत नाही. आमच्या बचत गटातल्या सात-आठ जणींना मी कसबा बावड्याहून घेऊन गेले. सीपीआरला सगळ्या शंभरदा गेलेल्या. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन. पण समोरच्या टाऊन हॉलच्या आवारात पाऊल टाकलेल्या दोघीच!

एक शिल्पकार समोर बसवलेल्या गृहस्थांचा चेहरा मातीत घडवत होते. आमच्यातली एक न राहवून म्हणाली, ‘‘आदी सांगाडा करताय व्हय, मग मास भरताय!’’ ते हसले. ‘‘बरोबर वळखलंसा मावशी,’’ म्हणाले आणि हाडाची ठेवण कशी धरायची ते दाखवत बसले. अर्धा तास कुणी हललं नाही.

आमच्यात लाइन बाजारातली एक आई होती. तिची लेक दहावीला. इंटरमीजिएट ड्रॉइंगला ‘अ’ श्रेणी, म्हणजे दहावीला ७ गुण जादा. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर, हे घरोघरी ठरलेलंच. हिला मात्र चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय. आईचा प्रश्न एकच, चित्रं काढून पोट भरतं का? तिनं तो तिथं जलरंगात रंगवत बसलेल्या एका तरुण मुलीलाच विचारला. तिनं आडपडदा ठेवला नाही. शाळेत तासावर शिकवते, पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेते, गणपतीत मूर्ती रंगवते, आणि काही महिने ओढाताण होतेच. हेच मी सांगितलं असतं, तर आईनं कानाआड केलं असतं.

पण ही मैफल असते वर्षातून एकदा, आम्ही गेलो तीही सकाळची. डबे, पाणी, शाळेची रिक्षा सोडून सकाळी निघणं किती जणींना जमणार? चंद्रकांत मांडरे यांनी तर राजारामपुरीतलं आपलं घरच चित्रांसकट सरकारला दिलं, तिथं आज संग्रहालय आहे. एवढं मोठं मागणं आमचं नाही. चौघं-पाचजण मिळून भाड्याच्या खोलीत काम करणाऱ्या कलाकारांनी महिन्यातून एक दुपार, दोन ते चार, दार उघडं ठेवावं. पसारा असू दे, आमच्याही घरी असतोच! बाहेर ‘आत या’ एवढी पाटी मात्र हवी, नाहीतर बायका उंबऱ्यावरूनच माघारी फिरतील.

त्या लेकीचं अजून ठरलेलं नाही. आई म्हणते, ‘‘ती पोरगी जिथं काम करती, ती खोली एकदा बघून येऊया वैनी. मग तिच्या बापाशी बोलते.’’