चिअरलीडिंगचा सीझन : सही करण्यापूर्वीचा हिशोब

मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिघींनी मला एकच प्रश्न विचारला, "तुमची लेक चिअरलीडिंग करते ना? आमचीही मागे लागली आहे. साधारण काय लागतं हो?" हातात तिळगूळ घेऊन उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. म्हणून संपादकांच्या परवानगीने हा लेख. मी डॉक्टर नाही की अकाउंटंट नाही. एका सीझनमध्ये बऱ्याच चुका केलेली आई आहे, एवढाच माझा अधिकार.

आधी एक गैरसमज दूर करते. चिअरलीडिंग म्हटले की फुटबॉलच्या मैदानाकडेला पॉमपॉम हलवणाऱ्या मुली आपल्या डोळ्यांपुढे येतात. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात हा प्रकार सुरू झाला तो असाच, मैदानाच्या कडेला. (सुरू करणारा मुलगा होता, हे बहुतेकांना ठाऊक नसते.) मी सांगते आहे ते 'ऑल स्टार' चिअरलीडिंग. ते खाजगी जिममध्ये चालते. इथे दुसऱ्या कुणाला प्रोत्साहन द्यायचे नसते, स्वतःच स्पर्धेत उतरायचे असते. अडीच मिनिटांत कोलांट्या, स्टंट, पिरॅमिड, उड्या आणि नाच असे सगळे बसवायचे असते. दहीहंडीचे थर पाहिलेल्या माणसाला पिरॅमिड वेगळा समजावून सांगायला नको. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२१ साली या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली आहे, तेव्हा "हा काय खेळ आहे?" असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले तर तेवढे सांगता येते.

आता वेळापत्रक. निवडचाचणी साधारण मे महिन्यात होते आणि तिथेच करारावर सही घेतात. टीम लेव्हलप्रमाणे लागतात. पहिल्या लेव्हलला साध्या कोलांट्या नि कार्टव्हील; दुसरीत बॅक हँडस्प्रिंग; असे करत सातव्या लेव्हलपर्यंत. उन्हाळ्यात सराव, जुलै-ऑगस्टमध्ये नृत्यदिग्दर्शक येऊन दोन-तीन दिवसांत सगळा कार्यक्रम बसवून जातो, नोव्हेंबर-डिसेंबरपासून स्पर्धा सुरू होतात त्या एप्रिलपर्यंत. चांगले गुण मिळाले तर सीझनच्या शेवटी ऑरलँडोच्या मोठ्या स्पर्धेचे आमंत्रण, ज्याला 'बिड' म्हणतात. म्हणजे मे महिन्यातली एक सही पुढच्या मे महिन्यापर्यंत बांधून ठेवते. आम्ही २०२३ मध्ये सही केली तेव्हा हे आम्हाला उमगलेच नाही. नाचाचा किंवा पोहण्याचा क्लास आवडला नाही तर पुढच्या महिन्यात बंद करतो, तसेच हेही असेल असे आम्ही धरून चाललो होतो.

पैशाचे बोलायचे तर जिमच्या बाईंनी फी सांगितली महिना २३० डॉलर. ह्यांनी तिथल्या तिथे अकराने गुणले, २,५३० आले, आणि "चालेल" म्हणाले. पुढे जे आले ते असे : युनिफॉर्म ४५०, बूट ११०, नृत्यदिग्दर्शन व संगीत ३५०, स्पर्धांची प्रवेश फी ९५०, कोचच्या प्रवासाचा वाटा १५०, वॉर्मअप सूट आणि बॅग २२०. झाले ४,७६०. बाहेरगावच्या दोन स्पर्धांचे हॉटेल, पेट्रोल, खाणे आणि आम्हा दोघांची प्रेक्षक म्हणून तिकिटे (हो, स्वतःच्या मुलीला पाहायलाही तिकीट लागते) यांचे ११०० धरले तर ५,८६०. सांगितलेल्या आकड्याच्या दुपटीपेक्षा जास्त. बाईंनी काही लपवले असे नाही. सगळे करारात होते, चौथ्या पानावर. आम्ही पहिले पान वाचले.

हॉटेलबद्दल एक सूचना. काही स्पर्धांना आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरावे लागते. पाच मैलांवर तुमचे चुलत दीर राहत असले तरी उपयोग नाही. सही करण्यापूर्वी कोणत्या स्पर्धांना ही अट आहे ते विचारून घ्यावे. या क्षेत्रातल्या सर्वात मोठ्या व्हार्सिटी ब्रँड्स या कंपनीने मक्तेदारीच्या एका दाव्यात २०२४ साली ८ कोटी २५ लाख डॉलरची तडजोड केली, पण त्याने आपल्या घरचे बजेट आपोआप बसत नाही.

बिडचेही प्रकार असतात. पूर्ण खर्च देणारे बिड थोड्यांना मिळते. 'ॲट लार्ज' बिड म्हणजे यायची परवानगी, खर्च तुमचा. आमच्या टीमला मार्चमध्ये हेच मिळाले. मुली आनंदाने रडत होत्या आणि पालक पार्किंग लॉटमध्ये मोबाइलवर विमानाची तिकिटे बघत होते. आम्हाला आणखी १,९०० डॉलर लागले. ते पैसे जूनपासून दरमहा बाजूला टाकले असते तर जड गेले नसते. बिड मिळाले नाही तर पैसे आपलेच.

आता आमच्या खऱ्या चुकीकडे येते. माझ्या सासऱ्यांचे सहस्रचंद्रदर्शन साताऱ्याला ३० डिसेंबरला ठरले होते. करारात अट होती की स्पर्धेआधीचे दोन आठवडे एकही सराव चुकवायचा नाही, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्पर्धा होती. लेक फ्लायर, म्हणजे वर उचलली जाणारी. ती नसेल तर चार मुलींचा स्टंट उभाच राहत नाही. शेवटी हे एकटे गेले, आम्ही दोघी न्यू जर्सीतच राहिलो. आजोबांच्या कार्यक्रमाची तारीख आम्हाला मार्चपासून ठाऊक होती. मे महिन्यात विचारले असते तर कोचने कदाचित तिला खालच्या जागी घेतले असते, किंवा आम्ही तो सीझन सोडला असता. विचारलेच नाही.

आणि डिसेंबरच्या मध्यावर सरावात ती पडली. खालच्या मुलीचा खांदा कानशिलावर लागला. उठली, पुन्हा वर चढली, घरी येऊन काही बोलली नाही. चौथ्या दिवशी गणिताच्या वहीसमोर नुसती बसून होती. दिवा बंद करायला सांगितला. मी विचारल्यावर म्हणाली, "आई, मी सांगितलं असतं तर तू मला काढून घेतलं असतंस, आणि आपण आजोबांकडेसुद्धा गेलो नाही ना." डॉक्टरांनी कन्कशन सांगितले. पाच आठवडे सराव बंद. ज्या स्पर्धेसाठी आम्ही साताऱ्याला गेलो नाही, त्या स्पर्धेत ती खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होती.

तेव्हा डॉक्टरांकडून समजलेल्या गोष्टी सांगते. कन्कशनला बेशुद्ध पडावे लागत नाही. लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात : डोकेदुखी, उजेड किंवा आवाज सहन न होणे, मळमळ, चिडचिड, झोपेत बदल, अभ्यासात लक्ष न लागणे. शंका आली की त्याच क्षणी खेळ थांबवायचा, त्याच दिवशी परत चढायचे नाही. उलट्या होत राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली, फार गुंगी आली किंवा बोलणे अडखळले तर थेट इमर्जन्सीत. परत येणे सहा पायऱ्यांनी. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, लक्षणे परतली की मागे, आणि शेवटी डॉक्टरांची संमती. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली चिअरलीडिंगवर निवेदन काढले, त्यात म्हटले होते की या खेळात दुखापतींचे एकूण प्रमाण कमी आहे, पण हायस्कूलच्या मुलींच्या अतिगंभीर दुखापतींपैकी ६५ टक्के याच खेळातल्या आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या. घाबरून जाऊ नये आणि हसण्यावारीही नेऊ नये.

याच संघटनेचा आणखी एक सल्ला असा की, मुलांनी आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने (एकेक महिन्याच्या तुकड्यांत चालेल) आपल्या मुख्य खेळापासून सुट्टी घ्यावी. ऑल स्टारचे वेळापत्रक वर दिलेच आहे. त्यात ही सुट्टी कुठेच नाही. ती पालकांनीच मागून घ्यायची असते, आणि तीही सही करण्यापूर्वी. आपल्याकडच्या शाकाहारी मुलींच्या लोहाकडेही लक्ष असू द्यावे. १४ ते १८ वयाच्या मुलींना दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह लागते, आणि शाकाहारात ते अंगी कमी लागत असल्याने गरज जवळजवळ पावणेदोन पट धरतात. डाळ-उसळीवर लिंबू पिळावे, चहा जेवणाबरोबर देऊ नये. वर चढणाऱ्या मुलीवर वजनाचे दडपण येते, कोणी तोंडाने बोलले नाही तरी येते. डबा परत येतो का, ते पाहावे.

इन्शुरन्समध्ये आमचा एक हिशोब चुकला. बहुतेक पॉलिसींचा डिडक्टिबल १ जानेवारीला नव्याने सुरू होतो, आणि सीझन मात्र दोन वर्षांत विभागलेला. आमच्या डॉक्टरच्या भेटी डिसेंबरमध्ये, फिजिकल थेरपी जानेवारीत. दोन वर्षांचे डिडक्टिबल आमच्याच खिशातून गेले. जिमचा अपघात विमा असेल तर तो बहुधा तुमच्या विम्यानंतर लागू होतो. कागद मागून घ्यावा. खेळासाठी लागणारे आरोग्य प्रमाणपत्र वार्षिक तपासणीतच भरून घ्यावे, वेगळे पैसे पडत नाहीत.

टॅक्सचे दोनच मुद्दे. जिमची फी वजा होत नाही. मात्र मूल तेरा वर्षांखालील असेल, आई-वडील दोघेही नोकरी करत असतील, तर उन्हाळ्यातल्या दिवसाच्या चिअर कॅम्पचा खर्च डिपेन्डन्ट केअर खात्यातून करता येतो. मुक्कामाच्या कॅम्पचा नाही. या खात्याची मर्यादा ५,००० होती, ती २०२६ पासून ७,५०० डॉलर झाली आहे. दुसरा मुद्दा बूस्टर क्लबचा. "समोसे विका, नफा तुमच्या मुलीच्या फीतून वजा" असे कोणी सांगितले तर सावध राहावे. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबने असेच पॉइंट घराघराच्या नावे जमा केले, आणि २०१३ साली टॅक्स कोर्टाने त्याची करमुक्त मान्यता काढून घेणे योग्य ठरवले. जमलेला पैसा सगळ्या मुलींसाठी सारखा वापरला गेला तरच तो धर्मादाय.

लेक अजून चिअरलीडिंग करते. यंदा सही करण्यापूर्वी आम्ही कोचशी तासभर बसलो, भारतवारीच्या तारखा करारात लिहून घेतल्या, आणि जुलै पूर्ण मोकळा ठेवला. कोच नाराज झाल्या नाहीत, उलट "आधी सांगितलंत हे बरं केलंत," म्हणाल्या. विचारायच्या प्रश्नांचा कागद आणि खर्चाचा तक्ता यांच्या वीस प्रती काढल्या आहेत. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला घेऊन येते. ज्यांना हव्यात त्यांनी श्रीखंडाच्या टेबलापाशी भेटावे, मी तिथेच वाढायला आहे.