स्वस्त मासळीची खरी किंमत

कसाल येथे मालवणचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. किनाऱ्यावरची मासळी बर्फात घालून अशाच वाटांनी अंतर्भागात जाते. गिऱ्हाईक भाव विचारते, घासाघीस करते, पैसे मोजते. आणि मासळीची सारी किंमत त्या पैशांत चुकती झाली, असे समजले जाते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

रापणीचे जाळे किनाऱ्यावरून माणसांच्या हातांनी ओढले जाते. ट्रॉलर मात्र जड जाळे समुद्राच्या तळावरून तासन्‌तास फरफटत नेतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. या डिझेलवरील कराचा परतावा राज्य शासन पात्र मच्छीमारांना देते. अर्थात मासळी न खाणारा करदाताही या खर्चाचा भागीदार ठरतो. बर्फाला वीज लागते आणि महाराष्ट्राची बरीचशी वीज अद्यापि कोळशावर निर्माण होते. शिवाय तळ खरवडून आलेल्या जाळ्यात पुरती न वाढलेली पिल्लेही सापडतात आणि कुटीच्या भावाने जातात. उद्याचे उत्पन्न आजच मोडून खाण्याचा हा व्यवहार कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

ग्राहकाने विवेकाने निवड करावी, हा उपदेश सोपा आहे. परंतु टोपलीतील बांगडा रापणीचा, पर्ससीनचा की प्रखर दिव्यांच्या झोतात ओढलेला, हे त्याने ओळखावे कसे? ठरावीक पगारात घर चालविणाऱ्या कारकुनाने किंवा शिक्षकाने स्वस्त वाटा नाकारावा, अशी अपेक्षा करणेही न्यायाचे नाही. जेथे माहितीच नाही, तेथे विवेक तरी काय करणार?

म्हणून पहिली जबाबदारी शासनाचीच. राज्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ पासून आहे. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तर २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम प्रकाशाच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली. तथापि त्यानंतरही मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांना आंदोलने करावी लागली, यावरून कायदा आणि अंमलबजावणी यांतील अंतर स्पष्ट होते.

२०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. ग्राहकाचा अधिकार येथे उपयोगी पडू शकतो. जाळे त्याच्या दृष्टीआड असले, तरी माशाचा आकार त्याच्या डोळ्यांसमोर असतो. प्रत्येक मासळी बाजारात या आकारांचा फलक लागावा आणि लिलावातच मासेमारीची पद्धत नोंदली जावी, ही मागणी अवास्तव नाही. लहानग्या सुरमईला गिऱ्हाईकच उरले नाही, तर ती पकडण्याचा मोहही कमी होईल. मात्र माहिती आणि अंमलबजावणी या दोहोंवाचून केवळ ग्राहकाच्या सद्‌बुद्धीवर विसंबणे म्हणजे स्वस्ताईचा बोजा पुढल्या पिढीच्या खात्यावर टाकणे होय.