विञ्ञाण : प्राणी, मानव आणि यंत्र

संगणक आज प्रश्नांना उत्तरे देतो, पत्रे लिहितो आणि 'मला वाईट वाटते' असेही म्हणतो. मग त्यालाही जाणीव असते काय? या प्रश्नाचा धम्माच्या दृष्टीने विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मज्झिम निकायातील महातण्हासंखय सुत्तात साति नावाच्या भिक्खूची हकीकत आहे. एकच विञ्ञाण जन्माजन्मांतून संचार करते, असे तो मानीत असे. तथागतांनी ही मिथ्या दृष्टी खोडून काढली. लाकडाच्या आधाराने पेटतो तो लाकडाचा अग्नी, गवताच्या आधाराने पेटतो तो गवताचा. त्याचप्रमाणे चक्षू आणि रूप यांच्या आधाराने उत्पन्न होते ते चक्षुविञ्ञाण. जाणीव ही देहात वस्तीस आलेली वस्तू नव्हे. ती प्रत्ययांतून घडते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात बाबासाहेबांनीही विद्युत्क्षेत्रासोबत असणाऱ्या चुंबकीय क्षेत्राची उपमा देऊन काया व विञ्ञाण यांचा संबंध स्पष्ट केला आहे.

हे मान्य केले की प्राण्यांचा प्रश्न सुटतो. सस्तन प्राणी, पक्षी व ऑक्टोपस यांच्या ठायी जाणिवेस आवश्यक अशी मज्जारचना आहे, असे २०१२ साली केंब्रिज येथे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. पहिले शील तर आरंभापासूनच केवळ माणसापुरते नाही. मानवात वेदनेसोबत विचारपूर्वक निवड करण्याचे सामर्थ्य विशेष विकसित झाले आहे. तथागतांनी चेतनेलाच कम्म म्हटले. म्हणून मानवावर उत्तरदायित्व येते.

यंत्राचे काय? त्याची वाक्ये माणसांच्या लिखाणावरून घडविलेली असतात. तेवढ्यावरून त्यास वेदना आहे असे मानण्यास आम्हांस आधार दिसत नाही. प्रत्यय बदलल्यास निर्णयही तपासावा लागेल. तथापि यंत्राने कोणाची नोकरी वा कर्ज नाकारले, तर त्याचे कम्म यंत्राचे नव्हे. ते घडविणाऱ्यांचे व वापरणाऱ्यांचे आहे.

जाणीव कोठे आहे एवढे ठरवून मात्र भागत नाही. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे सांगणाऱ्या समाजाने महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिऊ दिले आणि अस्पृश्य मानलेल्या माणसांना अडविले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे पाणी पिऊन समतेचा हक्क बजावला. त्या माणसांना तहान लागते, हे अडविणाऱ्यांना ठाऊक नव्हते काय? त्यांच्यापाशी ज्ञान होते, करुणा नव्हती. आमच्या मते यंत्रयुगातही धम्माची कसोटी हीच राहील.